गोळी, शेक आणि चालणं

गुडघे दुखतात म्हणून माणूस डॉक्टरकडे जातो, एक्स-रे काढून आणतो आणि घरी परततो तेव्हा त्याच्यापाशी एक नवा शब्द असतो. झीज. ‘गुडघ्यांची झीज झालीय’, ‘वंगण संपलंय’, ‘गादी घासली गेलीय’. यातली वैद्यकाची भाषा कुठली आणि सायकल दुरुस्तीच्या दुकानातली कुठली, हे आता सांगता येऊ नये इतके हे शब्द रुळलेत. ऑस्टिओआर्थ्रायटिससाठी मराठीत ‘अस्थिसंधिशोथ’ असा शब्द आहे, पण तो कोशातच राहिला. ‘संधिवात’ लोकांत गेला, पण त्यात आमवातापासून गाउटपर्यंत सगळंच कोंबलं गेलं. या दुखण्यासाठी म्हणून लोकांनी स्वीकारला तो झीज हाच शब्द.

शब्द साधा वाटतो, पण त्याच्या पोटात एक उपचार दडलेला आहे. वापरून झिजणारी वस्तू जपून वापरायची असते. चप्पल झिजू नये म्हणून पाहुण्यांकडे जातानाच घालायची, हे माझ्या पिढीनं पाहिलेलं आहे. मग गुडघा झिजू नये म्हणून काय करायचं? बसून राहायचं. बसूनही दुखलंच, तर गोळी घ्यायची. विसाव्या शतकाचा बराचसा काळ गुडघेदुखीचा उपचार एवढ्यात आटपत होता. गेल्या तीसेक वर्षांत मात्र वैद्यकानं आपलं मत जवळजवळ फिरवलं. चाला, मांडीचे स्नायू कमवा, गोळी लागलीच तर कमीत कमी आणि थोडे दिवस. हे मत कशामुळे फिरलं आणि फिरायला इतकी वर्षं का लागली, याचा माग मी गेली काही वर्षं काढते आहे.

आधी आपल्या घरातलं पाहू. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातला अठ्ठाविसावा अध्याय वातव्याधींचा आहे. सांध्यात शिरलेल्या वाताचं तिथलं वर्णन थोडक्यात असं : सूज हवा भरलेल्या पखालीसारखी हाताला लागते आणि सांधा आखडता-पसरताना वेदना होतात. वात हा गुणानं रूक्ष, कोरडा. म्हणून त्यावर स्नेहन आणि स्वेदन, म्हणजे तेल आणि शेक. ‘वंगण संपलं’ हे रूपक आपल्याकडे इतक्या सहज का रुजलं, याचं उत्तर मला इथं सापडतं. यंत्रयुगातला शब्द येण्याआधीच कोरड्या सांध्याची कल्पना घराघरांत होती. माझी आजी एरंडाच्या पानाला तेल लावून ते तव्यावर गरम करायची आणि रात्री गुडघ्याला बांधायची. निर्गुडीच्या पाल्याची वाफ आणि फडक्यात बांधलेल्या वाळूचा शेक हे तिचे पुढचे उपाय. यांनी सांधा बरा होत नसेल. पण उबेनं आखडलेले स्नायू सैल पडत आणि ती सकाळी उठून चालू लागे. दुसरं काही करायची तिला सोयच नव्हती.

व्यायामाबद्दल मात्र जुन्या ग्रंथांत दोन सूर ऐकू येतात. अतिव्यायाम हे वात वाढण्याचं एक कारण म्हणून सांगितलेलं आहे, आणि व्यायाम आपल्या अर्ध्या शक्तीनं करावा असंही सुश्रुत-वाग्भटांनी म्हटलेलं आहे. या ‘अर्ध्या शक्ती’कडे पुढं यायचंच आहे. आपली व्यायामाची परंपरा काही दुबळी नव्हती. तालमी होत्या, औंधच्या पंतप्रतिनिधींचे सूर्यनमस्कार होते, बडोद्याहून निघालेला मुजुमदारांचा व्यायामज्ञानकोश होता. पण ही सगळी परंपरा धडधाकट तरुणांसाठी होती. पासष्ट वर्षांच्या बाईच्या दुखऱ्या गुडघ्यासाठी बैठक हे औषध असू शकतं, असं कुठल्या वस्तादाच्या मनात आलं नसावं.

गोळीची गोष्ट इंग्लंडमधल्या एका धर्मोपदेशकापासून सुरू करायची रीत आहे. ऑक्सफर्डशरमधल्या चिपिंग नॉर्टनच्या एडवर्ड स्टोननं १७६३ साली रॉयल सोसायटीला पत्र लिहिलं. विलोच्या झाडाची साल चाखल्यावर तिचा कडूपणा त्याला सिंकोनाच्या सालीसारखा वाटला. त्यानं ती वाळवून, कुटून सुमारे पन्नास तापकऱ्यांना दिली आणि गुण आला. त्याचा तर्क असा, की हिवताप दलदलीच्या जागी होतो आणि विलोही तिथंच वाढतो. ईश्वरानं रोगाशेजारीच औषध ठेवलेलं असणार. (आपल्याकडे ओढ्याकाठी दिसणारा वाळुंज याच कुळातला.) स्टोनच्या पत्राचा विषय ताप होता. सांध्यांकडे ही साल वळली ती शंभर वर्षांनी. सालीतला सॅलिसिन हा घटक १८२८ मध्ये म्युनिकला वेगळा काढला गेला, पुढं त्यापासून सॅलिसिलिक आम्ल मिळालं, आणि १८७६ मध्ये डंडीच्या थॉमस मॅक्लॅगन या डॉक्टरनं सांधे धरणाऱ्या तापावर सॅलिसिन वापरल्याचे अनुभव ‘लॅन्सेट’मध्ये छापले. गंमत म्हणजे त्याचाही तर्क स्टोनसारखाच होता : दमट हवेचा रोग, दमट जागेचं झाड.

तोवर सॅलिसिलिक आम्ल जर्मनीत कारखान्यात तयार होऊ लागलं होतं. ते स्वस्त होतं, वेदना कमी करत होतं, पण पोटात आग पाडत होतं. बायर कंपनीत १८९७ साली फेलिक्स हॉफमननं त्याचं सौम्य रूप शुद्ध स्वरूपात बनवलं आणि १८९९ मध्ये ते अ‍ॅस्पिरिन या नावानं बाजारात आलं. हॉफमनच्या वडिलांना संधिवात होता, जुनं औषध त्यांना सोसत नव्हतं, म्हणून मुलानं हे शोधलं, अशी कथा पाठ्यपुस्तकांतून सांगितली जाते. ती पहिल्यांदा छापली गेली १९३४ मध्ये, हिटलरच्या जर्मनीत. त्याच कंपनीतला ज्यू रसायनशास्त्रज्ञ आर्थर आयशेनग्रून याला पुढं तेरेझिएनश्टाटच्या छळछावणीत डांबलं गेलं. तो वाचला आणि १९४९ मध्ये त्यानं लिहिलं, की हे काम आपल्या सूचनेवरून आणि देखरेखीखाली झालं होतं. वॉल्टर स्नीडर या संशोधकानं २००० साली कागदपत्रं तपासून आयशेनग्रूनच्या बाजूनं कौल दिला. कंपनीला तो मान्य नाही. मला स्वतःला स्नीडरचं म्हणणं पटतं. श्रेय कुणाचंही असो, पित्याच्या दुखऱ्या सांध्यांची कथा खपली, यावरून या गोळीचं गिऱ्हाईक कोण होणार हे दिसतंच. आपल्या घरांतल्या बऱ्याच मलमांना जो उग्र गोडसर वास येतो, तो मिथाइल सॅलिसिलेटचा, म्हणजे याच कुटुंबाचा. आजीच्या एरंडाशेजारी मलमाची बाटली आली तेव्हा विलोची साल आमच्या फडताळात पोचलेली होती.

गोळी अशी वाढत असताना सांध्याबद्दल डॉक्टर काय सांगत होते? विश्रांती. लंडनचा शल्यचिकित्सक जॉन हिल्टन याच्या विश्रांती आणि वेदनेवरच्या व्याख्यानांचं पुस्तक १८६३ मध्ये निघालं आणि पुढच्या कित्येक पिढ्यांनी ते वाचलं. वेदना ही निसर्गानं केलेली विनंती आहे, अवयवाला आराम द्या, असा त्याचा रोख. लिव्हरपूलचा ह्यू ओवेन थॉमस तर सांधा दीर्घकाळ, अखंड, सक्तीनं स्थिर ठेवावा या मताचा. त्याच्या नावाची खपाची आजही हाडमोडीत वापरतात. क्षयानं सडलेल्या सांध्यांच्या त्या काळात हा सल्ला वेडा नव्हता. अडचण अशी झाली, की क्षयाच्या सांध्याला लागू पडणारी विश्रांती म्हातारपणी दुखणाऱ्या गुडघ्यालाही तशीच लावली गेली. आणखी एक मौज. थॉमसचे पूर्वज वेल्समधल्या अँगलसी बेटावरचे पिढीजात हाडवैद्य होते. आखडलेला सांधा हिसका देऊन मोकळा करणारे असे हाडवैद्य इंग्लंडभर होते, आणि डॉक्टरांना बरं न करता आलेले रोगी त्यांच्याकडे जात. जेम्स पॅजेटसारख्या नामवंत सर्जननं १८६७ मध्ये यावर व्याख्यान देऊन सहकाऱ्यांना बजावलं, की हे लोक काही रोगी खरंच बरे करतात, त्यांच्याकडून शिका. फार कुणी शिकलं नाही.

हालचालीचा खरा पुरस्कार झाला तो वैद्यकाच्या वेशीबाहेर. स्टॉकहोममध्ये पेर हेन्रिक लिंग यानं १८१३ साली कसरतीची संस्था काढली. लिंग तलवारबाजी शिकवणारा, कविता लिहिणारा. त्याच शहरात १८६५ मध्ये गुस्ताव झांडर या डॉक्टरनं व्यायामासाठी वजनं आणि तरफा लावलेली यंत्रं मांडली. त्यांची जुनी छायाचित्रं पाहिली तर आजची जिम आठवते. फरक इतकाच, की यंत्रावर कोट घातलेले मिशाळ गृहस्थ बसलेले असतात.

वैद्यकात व्यायामाला मान मिळाला तो युद्धामुळे. शिकागोच्या लष्करी रुग्णालयात दुसऱ्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांची गर्दी होती. शस्त्रक्रिया चांगली झाली तरी मांडीचे स्नायू वाळत आणि माणूस खाटेवरून उठत नसे. लहानपणी संधिज्वरानं अंथरुणाला खिळलेला आणि पुढं वजनं उचलून शरीर कमावलेला थॉमस डीलॉर्म तिथं डॉक्टर होता. त्यानं गुडघ्याच्या रुग्णांना पायात लोखंडी बूट घालून वजन उचलायला लावलं आणि ते हळूहळू वाढवत नेलं. १९४५ मध्ये त्यानं हे छापलं, १९४८ मध्ये पद्धत सुटसुटीत करून दहा-दहाच्या तीन फेऱ्यांवर आणली. आपल्याकडचे फिजिओथेरपिस्ट आजही ‘दहाचे तीन सेट करा’ म्हणतात, तो आकडा तिथून आलेला.

आपल्याकडे फिजिओथेरपीचं शिक्षण सुरू झालं १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला, मुंबईत केईएम रुग्णालयात, जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीनं. निमित्त होतं पोलिओचं. म्हणजे व्यायामोपचार आला तो सैनिकांसाठी आणि पोलिओ झालेल्या मुलांसाठी. वयस्कर गुडघ्यांची त्याच्या वहीत फारशी नोंद नव्हती. त्यांच्यासाठी गोळी होतीच.

आणि गोळ्याही आता भराभर येऊ लागल्या. १९४९ मध्ये फेनिलब्युटाझोन आलं. त्यानं रक्तपेशी घटून माणसं दगावू लागली तशी ते माणसांकडून घोड्यांकडे गेलं. १९६३ मध्ये इंडोमेथॅसिन. नॉटिंगहॅमच्या बूट्स कंपनीत स्ट्युअर्ट अ‍ॅडम्स हा संशोधक सांधेदुखीच्या रुग्णांना दीर्घकाळ सोसेल असं औषध वर्षानुवर्षं शोधत होता. त्यातून आयबुप्रोफेन निघालं आणि १९६९ मध्ये ब्रिटनमध्ये विकायला आलं. महत्त्वाचं भाषण असताना आदल्या रात्रीच्या मद्यपानानं ठणकणाऱ्या स्वतःच्या डोक्यावर त्यानं ६०० मिलिग्रॅमचा प्रयोग केला होता, हे तो म्हातारपणी हसत सांगे. स्वित्झर्लंडमध्ये १९६०च्या दशकात डायक्लोफिनॅक बनलं. ही औषधं नेमकं काय करतात हे मात्र कुणालाच माहीत नव्हतं. जॉन व्हेन यानं १९७१ मध्ये दाखवलं, की अ‍ॅस्पिरिन आणि त्याची भावंडं शरीरात प्रोस्टाग्लँडिन तयार होऊ देत नाहीत. प्रोस्टाग्लँडिनमुळे सूज आणि वेदना वाढतात; पण जठराचं अस्तर सांभाळणं आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा राखणं हीदेखील त्यांचीच कामं. म्हणजे गुडघ्याला बरं वाटणं आणि पोटात आग पडणं हे एकाच क्रियेचे दोन परिणाम होते. व्हेनला १९८२ मध्ये नोबेल मिळालं.

माझ्या आईचे गुडघे दुखू लागले ते याच दशकात. एका डॉक्टरांनी एक्स-रे प्रकाशाकडे धरला, दोन हाडांमधली कमी झालेली फट दाखवली आणि सांगितलं, ‘आता जपून वापरा.’ आई शिस्तीची. तिनं ते शब्दशः पाळलं. आधी मंडईत जाणं बंद झालं, मग देऊळ, मग गच्चीत वाळवणं घालणं. मांडीच्या काड्या झाल्या आणि गुडघे आणखी दुखू लागले, तशा गोळ्या वाढल्या. गोळ्यांचं पाकीट तिच्या पोथीत खुणेला असे. एके दिवशी पोटातल्या अल्सरमधून रक्त गेलं आणि तिला रुग्णालयात ठेवावं लागलं. तिथून आल्यावर गोळ्या सुटल्या, पण चालणं परत आलं नाही. शेवटची नऊ वर्षं ती खाट आणि खुर्चीच्या मध्ये राहिली. एक्स-रेच्या त्या फटीबद्दल ती आल्यागेल्याला सांगे, जणू आत एक घड्याळ असावं आणि किल्ली संपत आलेली असावी.

त्या फटीचा इतिहास मी नंतर वाचला. एक्स-रे पाहून सांध्याचा ऱ्हास शून्य ते चार अशा पायऱ्यांत मोजायची पद्धत ब्रिटनमधल्या केलग्रेन आणि लॉरेन्स यांनी १९५७ मध्ये बसवली. ती आजही चालते. याच मंडळींनी मग गावोगाव लोकांचे एक्स-रे काढले तेव्हा दिसलं, की चित्र आणि वेदना यांची जोडी जमत नाही. एक्स-रे वाईट असलेले कित्येक लोक मजेत चालतात आणि चित्र बरं असलेले कण्हतात. कारण सोपं आहे. सांध्यातल्या कूर्चेला मज्जातंतूच नसतात. दुखतं ते भोवतालचं अस्तर, हाड, स्नायुबंध. ही गोष्ट पन्नास-साठ वर्षं छापील आहे. दवाखान्यातल्या बोलण्यात ती अजून यायची आहे.

गोळीचा भारतातला प्रवास एका वेगळ्या वाटेनंही गेला, आणि ती वाट मला या सगळ्या इतिहासात सर्वांत विलक्षण वाटते. १९७० च्या पेटंट कायद्यानं औषधावर नव्हे, फक्त ते बनवण्याच्या प्रक्रियेवर पेटंट मिळू लागलं. त्यामुळे देशी कारखान्यांनी परदेशी औषधं स्वस्तात बनवली. गरिबाला औषध परवडू लागलं ते या कायद्यामुळे, हे विसरता कामा नये. डायक्लोफिनॅक इतकं स्वस्त झालं, की ते गोठ्यातही पोचलं. लंगडणारा बैल, विण्याच्या वेळी अडलेली गाय, सुजलेली कास, सगळ्याला एक सुई. म्हातारा बैल आणखी चार दिवस औताला चालला तर शेतकऱ्याला हवंच होतं.

त्याच सुमारास गिधाडं कमी होऊ लागली. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या विभू प्रकाश यांनी भरतपूरच्या केवलादेव उद्यानातली घटती घरटी मोजून १९९९ मध्ये संस्थेच्या नियतकालिकात धोक्याची सूचना दिली. कुणी विषाणू म्हणे, कुणी कीटकनाशकं. मेलेल्या गिधाडांच्या पोटात, काळजावर, मूत्रपिंडांवर खडूसारखा पांढरा थर सापडत होता. तो युरिक आम्लाचा होता. या अवस्थेचं नाव आहे व्हिसरल गाउट. लिंडसे ओक्स आणि सहकाऱ्यांनी पाकिस्तानात शोध घेऊन २००४ मध्ये ‘नेचर’मध्ये सिद्ध केलं, की डायक्लोफिनॅक टोचलेलं जनावर मेल्यावर त्याचं मांस खाल्लेल्या गिधाडाची मूत्रपिंडं निकामी होतात. सांधेदुखीचं औषध, आणि पक्ष्याला मरण आलं ते गाउटनं. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची भारतातली संख्या १९९२ ते २००७ या काळात ९९.९ टक्क्यांनी घटली. मुंबईत डोंगरवाडीवर पारशी समाजाला आपल्या शतकांच्या अंत्यविधीसाठी गिधाडं उरली नाहीत आणि सूर्यकिरण एकवटणारे आरसे बसवावे लागले. सरकारनं २००६ मध्ये जनावरांसाठी या औषधावर बंदी घातली. तरी माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यात जातच राहिल्या, म्हणून २०१५ मध्ये माणसांचं इंजेक्शनही एका मात्रेच्या छोट्या कुपीतच विकायचं ठरलं. माझ्या गुडघ्यासाठी औषधाच्या दुकानात मिळणारी कुपी तीन मिलिलिटरचीच का, याचं कारण असं एका पक्ष्यापाशी जातं.

परदेशात तोवर पोट न जाळणाऱ्या गोळीचा शोध लागला होता, निदान तसं वाटत होतं. मर्क कंपनीचं रोफेकॉक्सिब, म्हणजे व्हायॉक्स, १९९९ मध्ये आलं. ऑस्टिओआर्थ्रायटिस हेच त्याचं मोठं गिऱ्हाईक होतं. एका मोठ्या चाचणीत २००० सालीच दिसलं होतं, की जुन्या औषधाच्या तुलनेत या गटात हृदयविकाराचे झटके जास्त आहेत. कंपनीनं अर्थ असा लावला, की जुनं औषध हृदयाला जपत असेल. ३० सप्टेंबर २००४ ला ते बाजारातून काढून घ्यावं लागलं. तोवर जगभरात काही कोटी लोकांनी ते घेतलं होतं. भारतात त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बंदी आली. एकट्या अमेरिकेत यानं हृदयाचे ८८ हजार ते १ लाख ४० हजार जादा गंभीर विकार झाले असावेत, हा तिथल्या औषध नियामक खात्यातल्याच डेव्हिड ग्रॅहम यांचा अंदाज. दुखणं जिवावरचं नसताना औषध जिवावर यावं, याला काय म्हणावं ते मला सुचत नाही.

गोळीची पत अशी उतरत असताना व्यायामाची बाजू सावकाश, अगदी रुक्ष चाचण्यांतून उभी राहत होती. टोरांटोचे सर्जन रॉबर्ट सॉल्टर यांनी १९७० पासून सशांवर प्रयोग करून दाखवलं, की दुखावलेली कूर्चा स्थिर ठेवलेल्या सांध्यापेक्षा हलत्या सांध्यात चांगली भरते. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. पाऊल टाकताना ती स्पंजासारखी दाबली जाते, उचलताना फुगते, आणि त्या हालचालीतून सांध्यातला द्रव तिला पोसतो. हे वाचल्यावर ‘वंगण’ हा शब्द मला वेगळा दिसू लागला : हे वंगण चालण्यानं संपत नाही, चालण्यानंच पसरतं. १९९२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये पामेला कोव्हार आणि सहकाऱ्यांनी गुडघेदुखीच्या १०२ रुग्णांपैकी काहींना आठ आठवडे देखरेखीखाली चालायला लावलं. सहा मिनिटांत कापलेलं अंतर त्यांच्यात सरासरी ७० मीटरनं वाढलं आणि दुखणं वाढलं नाही. आज ही गोष्ट किरकोळ वाटेल, पण झिजेच्या सिद्धांताप्रमाणे हे लोक आणखी झिजायला हवे होते. १९९७ मध्ये ४३९ वयस्कर लोकांवर दीड वर्ष चाललेल्या चाचणीतही चालणारे आणि वजनं उचलणारे दोन्ही गट नुसतं आरोग्यशिक्षण घेणाऱ्यांपेक्षा बरे ठरले. पुण्यात बी. के. एस. अय्यंगारांनी पट्टे, दोऱ्या, ठोकळे वापरून आखडलेल्या शरीरांना आसनं शिकवली होती; त्यांच्या पद्धतीचा उपयोग करून मेरियन गारफिंकल यांनी हातांच्या ऑस्टिओआर्थ्रायटिसवर केलेला अभ्यास १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला, तो फिलाडेल्फियातून. पुण्यातलं ज्ञान पुण्याच्या दवाखान्यात पोचायला असा वळसा घ्यावा लागतो, याचं आता आश्चर्य वाटत नाही.

पण व्यायामाची आरती ओवाळायची असेल तर मी त्यात नाही. फायदा आहे, आणि तो मध्यम आहे. शंभर गुणांच्या वेदनेत २०१५ च्या एका मोठ्या आढाव्यानं सरासरी १२ गुणांचा उतार मोजला. २०२३ मध्ये चार हजारांवर रुग्णांची माहिती एकत्र केली तेव्हा तो सहाच्या आसपास भरला. डेन्मार्कमध्ये तर २०२२ मध्ये छापलेल्या चाचणीत २०६ रुग्णांपैकी अर्ध्यांना आठ आठवडे व्यायाम आणि शिक्षण दिलं आणि उरलेल्यांना, आधी स्पष्ट सांगून, गुडघ्यात नुसतं मिठाचं पाणी टोचलं. दोन्ही गटांना सारखाच आराम पडला. व्यायामाचे पुरस्कर्ते या चाचणीवर फार बोलत नाहीत. मला ती महत्त्वाची वाटते, कारण वेदनेत माणसाच्या अपेक्षेचा, धीराचा, कुणीतरी लक्ष देतंय या जाणिवेचा वाटा केवढा असतो, हे ती दाखवते. शिवाय मिठाच्या पाण्यानं मांडीत जोर येत नाही, जिना चढता येत नाही, रक्तातली साखर उतरत नाही. ब्रिटनच्या नाइस या संस्थेनं २०२२ मध्ये दिलेला सल्ला म्हणूनच मला शहाणा वाटतो : व्यायाम सर्वांना सुचवा, सुरुवातीला दुखणं वाढू शकतं हे आधीच सांगा, गुडघ्याला लागलंच तर आधी वरून लावायचं वेदनाशामक द्या, पॅरासिटामॉल सर्रास देऊ नका, आणि निदानासाठी प्रत्येकाचा एक्स-रे काढत बसू नका. पॅरासिटामॉल कित्येक वर्षं या रोगाची पहिली पायरी होतं. नीट मोजल्यावर त्याचा गुण नगण्य निघाला.

महाराष्ट्रात हे सगळं कुठं बसतं? पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या भिगवणला डॉ. अरविंद चोपडा आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये घरोघर जाऊन सांध्या-स्नायूंच्या दुखण्याची पाहणी सुरू केली. प्रौढांपैकी सुमारे १८ टक्क्यांना असं काही ना काही दुखणं होतं. ऑस्टिओआर्थ्रायटिस सहा टक्क्यांच्या आसपास, तर ज्याची जास्त भीती वाटते तो आमवात अर्धा टक्का. त्याच चोपडांनी पुढं आयुर्वेदिक मिश्रणांची ग्लुकोसामाइन आणि सेलेकॉक्सिबशी तुलना करणारी, ४४० रुग्णांची चाचणी केली आणि तिचे निष्कर्ष २०१३ मध्ये छापले : गुण सारखा, पण काहींच्या यकृताच्या तपासणीत वाढ दिसली. ‘आयुर्वेदिक म्हणजे निर्धोक’ म्हणणाऱ्यांनी त्या निबंधाचा शेवटचा भागही वाचावा.

भिगवणसारख्या गावातल्या बाईला ‘व्यायाम करा’ सांगितलं तर ती हसते. खुरपणी, पाणी, चूल, दिवसभर उकिडवं बसणं; आणखी काय करायचं? तिचं हसणं बरोबर आहे. काम आणि व्यायाम यांत फरक आहे : कामात सांध्यावरचा भार काम ठरवतं, व्यायामात आपण. तिला आधी हवं आहे ते उंचावर ठेवलेलं चुलवण, बसायला पाट किंवा स्टूल, आणि उभ्यानं वापरायचं लांब दांड्याचं अवजार. मग दहा मिनिटं मांडीसाठी. शहरातल्या माझ्यासारखीला गोष्ट सोपी आहे आणि तरी अवघड. फिजिओथेरपिस्टची फी आठवड्याला द्यावी लागते, गोळ्यांचं पाकीट त्याच्या कितीतरी पट स्वस्त असतं, आणि गोळी अर्ध्या तासात काम करते. व्यायामाला सहा आठवडे लागतात. ज्याला उद्या मजुरीवर जायचंय त्यानं गोळी घेतली तर त्याला नावं ठेवायचा अधिकार मला नाही.

मला दिलेला व्यायाम खुर्चीवरून हात न टेकता उठण्याचा आणि सावकाश बसण्याचा आहे. ही अर्धी बैठक. दमायच्या आत थांबायचं, दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं नेहमीइतकंच असेल तर दोन वाढवायच्या, जास्त असेल तर दोन कमी. वाग्भटाची अर्धी शक्ती आणि डीलॉर्मची चढती फेरी इथं एकमेकींना भेटलेली पाहून इतिहासाच्या विद्यार्थिनीला जरा बरं वाटतं.

डेन्मार्कमध्ये २०१३ पासून चालणाऱ्या ‘ग्लॅड’ या कार्यक्रमात सहा आठवड्यांत बारा वेळा व्यायाम असतो, पण त्यासोबत दोन बैठका नुसत्या बोलण्याच्या असतात : सांधा म्हणजे काय, दुखतं का, दुखलं तरी कितपत चालेल. माझी फिजिओथेरपिस्ट अशी बैठक वगैरे घेत नाही. पण नवा रुग्ण एक्स-रेचं पाकीट पुढं करतो तेव्हा ती ते हातात घेऊन टेबलाच्या कडेला ठेवते आणि म्हणते, ‘काका, हे नंतर बघू. आधी मला खुर्चीवरून उठून दाखवा.’